प्रयोगशाळेत वाढविलेले आतडे आणि विषाणूंचा अभ्यास

बुलढाणा जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, विदर्भ व मराठवाडा यांच्या सीमेवर, देऊळगाव राजा हे तालुक्याचे गाव आहे. बालाजी मंदिरामुळे ते दूरवर ठाऊक आहे. संत चोखामेळा यांचे जन्मस्थान मानले जाणारे मेहुणा राजा याच तालुक्यात येते. कापूस व सोयाबीन ही येथील पिके. परंतु पाऊस दगा देतो तेव्हा अनेक घरे चालवते ती दावणीची शेळी. काही काळापूर्वी या परिसरात घरभेटी करीत असता एका शेळीपालक भगिनीशी आमचे बोलणे झाले. हगवणीच्या साथीत तिच्या काही शेळ्या दगावल्या होत्या. पशुवैद्यकांनी उरलेल्या शेळ्यांना लस टोचली होती. बोलता बोलता तिने विचारले, "फादर, ही लस शोधायला तरी किती शेळ्या मारल्या असतील हो? जनावर मारल्याशिवाय जनावराचं औषध सापडतच नाही का?"

प्रश्न साधा होता. त्याचे उत्तर मात्र आम्हास त्या वेळी नीट देता आले नाही. पुढे वाचन करता असे ध्यानी आले की, गेल्या शंभर वर्षांत या प्रश्नाचे उत्तर बदलत आले आहे आणि २००९ नंतर त्याला एक नवे वळण मिळाले आहे. प्राण्याच्या आतड्याचा कणभर भाग प्रयोगशाळेत वाढवून त्यावर विषाणूंचा अभ्यास करणे आता शक्य झाले आहे. या पद्धतीची ओळख, तिचे लाभ, तिच्या मर्यादा आणि तिची नैतिक बाजू वाचकांसमोर ठेवावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

बुळकांडीचा धडा

आपल्या जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना 'बुळकांडी' हा शब्द समजावून सांगावा लागत नाही. ताप, तोंडात फोड आणि पाठोपाठ न थांबणारी हगवण, अशी लक्षणे असलेल्या या विषाणुजन्य रोगाने गाई-बैलांचे गोठेच्या गोठे रिकामे केले. अशा पशुरोगांच्या अभ्यासासाठी इंग्रज सरकारने १८८९ साली पुण्यात एक प्रयोगशाळा स्थापन केली. १८९३ साली ती हिमालयातील मुक्तेश्वर येथे हलविण्यात आली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ही तिचीच पुढची वाढ होय.

मुक्तेश्वर येथे १९२० च्या दशकात जे. टी. एडवर्ड्स या शास्त्रज्ञांनी बुळकांडीचा विषाणू एका शेळीतून दुसऱ्या शेळीत, असा पुनःपुन्हा संक्रमित केला. त्यामुळे तो गाईंसाठी सौम्य झाला आणि त्यापासून लस तयार झाली. मात्र ती लस शेळीच्या प्लीहेपासून बनवावी लागे. म्हणजे गाय वाचविण्यासाठी शेळी मारावी लागे. देऊळगाव राजाच्या भगिनीची शंका या अर्थाने अगदी रास्त होती. १९५४ साली भारतात बुळकांडी निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली, ती याच लसीच्या बळावर.

पुढे केनियात वॉल्टर प्लाऊराइट यांनी वासराच्या मूत्रपिंडातील पेशी काचपात्रात वाढवून त्यांवर हा विषाणू जोपासला आणि अधिक सुरक्षित लस तयार केली. पेशी एकदा वाढू लागल्या की प्रत्येक खेपेस नवे जनावर मारण्याची गरज उरत नाही. १९९५ नंतर भारतात बुळकांडीचा उद्रेक झाला नाही. २००६ साली भारत आणि २०११ साली सारे जग या रोगापासून मुक्त असल्याचे जाहीर झाले. देवी रोगानंतर मानवाने पृथ्वीवरून नाहीसा केलेला हा दुसरा रोग होय.

शेळ्या-मेंढ्यांमधील पीपीआर हा रोग बुळकांडीचाच भाऊबंद आहे. भारतात तो १९८७ साली तमिळनाडूत प्रथम आढळला. त्यावरील लस मुक्तेश्वर येथेच तयार झाली. हिमाचल प्रदेशातील सुंगरी येथील शेळ्यांमधून मिळालेला विषाणू 'व्हेरो' नावाच्या पेशींवर वाढवून ती बनविली जाते. या पेशी १९६२ साली जपानमध्ये एका आफ्रिकी माकडाच्या मूत्रपिंडापासून मिळविण्यात आल्या. आज जगभर ज्या वापरल्या जातात त्या त्यांच्याच वंशज आहेत.

पुण्याचा वाटा

पेशी काचपात्रात वाढविण्याच्या या विद्येत महाराष्ट्राचाही वाटा आहे. पुण्यात १९५२ साली स्थापन झालेले विषाणू संशोधन केंद्र पुढे राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था म्हणून नावारूपास आले. तेथे १९६७ साली के. आर. पी. सिंग यांनी एडीस जातीच्या डासाच्या अळ्यांपासून पेशींची वाढती परंपरा निर्माण केली. डेंग्यूसारखे विषाणू वाढविण्यासाठी जगातील असंख्य प्रयोगशाळा आज ज्या डासपेशी वापरतात, त्यांचे मूळ पुण्यात आहे. १९८६ साली पुण्यातच प्राणिपेशींच्या संवर्धनासाठी एक राष्ट्रीय सुविधा सुरू झाली. तीच आजची राष्ट्रीय पेशी विज्ञान संस्था. देशभरातील संशोधकांना पेशींचा पुरवठा करणे हे तिचे एक मुख्य कार्य आहे.

असे असूनही सपाट काचेवर वाढणाऱ्या या पेशींची एक मोठी उणीव होती. त्या एकाच प्रकारच्या असतात. खरे आतडे मात्र अनेक प्रकारच्या पेशींचे बनलेले असते. मूत्रपिंडाच्या पेशींवर आतड्याच्या रोगाचा अभ्यास करणे म्हणजे विहिरीच्या पाण्यावरून नदीच्या प्रवाहाचा अंदाज बांधण्यासारखे होते. काही विषाणू तर अशा पेशींवर वाढतच नसत.

ऑर्गनॉइड म्हणजे काय?

लहान आतड्याच्या आतील बाजूस बोटांसारखे असंख्य सूक्ष्म रसांकुर असतात. अन्नरस शोषून घेण्याचे काम त्यांचे. दोन रसांकुरांच्या मध्ये, तळाशी, लहान विहिरींसारख्या खोबणी असतात. त्या खोबणींत मूलपेशी राहतात. त्या सतत विभागतात. नव्या पेशी हळूहळू रसांकुराच्या टोकाकडे सरकतात आणि तेथून गळून पडतात. अशा रीतीने आतड्याचे संपूर्ण अस्तर सुमारे चार-पाच दिवसांत नवे होते.

नेदरलँड्समधील उट्रेक्ट येथील हुब्रेख्ट संस्थेत हान्स क्लेव्हर्स यांच्या गटाने २००७ साली या मूलपेशी नेमक्या ओळखण्याची खूण शोधून काढली. २००९ साली त्याच गटातील तोशिरो सातो यांनी उंदराच्या आतड्यातील एकच मूलपेशी घेऊन तिला मऊ जेलीत ठेवले व आवश्यक वाढघटक पुरविले. त्या एका पेशीपासून एक पोकळ गोळा तयार झाला. त्याला खोबणी होत्या, शोषण करणाऱ्या पेशी होत्या, चिकट स्राव निर्माण करणाऱ्या पेशी होत्या आणि संप्रेरके सोडणाऱ्या पेशीही होत्या. आकाराने राईच्या दाण्याहून लहान असलेल्या या रचनेस ऑर्गनॉइड, म्हणजे अवयवासारखा पेशीपुंज, असे म्हणतात.

हे पूर्ण आतडे नव्हे, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. त्यात रक्तवाहिन्या नाहीत, स्नायू नाहीत, मज्जातंतू नाहीत. ते केवळ आतड्याचे अस्तर होय. मात्र अस्तरातील पेशींचे विविध प्रकार त्यात असतात. शिवाय ज्या प्राण्यापासून आणि आतड्याच्या ज्या भागापासून ते घेतले, त्याचे गुणधर्म ते टिकवून ठेवते. ते फोडून पुन्हा वाढविता येते, गोठवून वर्षानुवर्षे जपता येते. यासाठी लागणारा ऊतीचा तुकडा मांसासाठी कापलेल्या जनावराच्या आतड्यातून, अथवा जिवंत जनावरास न मारता दुर्बिणीद्वारे घेता येतो.

एडिंबरोजवळील रॉस्लिन संस्था 'डॉली' मेंढीमुळे आपल्या परिचयाची आहे. तेथील संशोधकांनी पशुधनाच्या आतड्यांचे ऑर्गनॉइड वाढविल्याचे प्रसिद्ध केले.

विषाणू आत कसा पोहोचवितात?

येथे एक व्यावहारिक अडचण येते. आतड्याचे विषाणू अन्नमार्गाच्या बाजूने, म्हणजे आतून पेशींवर हल्ला करतात. ऑर्गनॉइडमध्ये ही आतली बाजू बंद गोळ्याच्या पोटात असते. विषाणू नुसता बाहेर सोडला तर तो चुकीच्या दाराशी उभा राहतो. यावर संशोधकांनी पुढील उपाय योजले आहेत.

१. अतिसूक्ष्म सुईने गोळ्याच्या पोटात विषाणू टोचणे. हे काम नाजूक व वेळखाऊ आहे.

२. गोळा फोडून, विषाणूंत मिसळून, पुन्हा वाढू देणे.

३. गोळ्यातील पेशी सच्छिद्र पडद्यावर एका सपाट थरात पसरविणे, जेणेकरून वरची बाजू अन्नमार्गाची आणि खालची बाजू रक्ताची ठरते.

४. गोळाच उलटा करणे, पिशवी आतून बाहेर काढावी तसा. २०१९ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाने ही युक्ती मानवी ऑर्गनॉइडवर साधली. कोंबडीच्या आतड्याचे ऑर्गनॉइड तर योग्य द्रवात ठेवल्यास आपोआपच उलटे वाढतात, असे रॉस्लिनच्या संशोधकांना आढळले. २०२१ साली त्यांनी इन्फ्लुएन्झा विषाणूच्या अभ्यासासाठी त्यांचा वापर प्रसिद्ध केला.

आजवर काय कळले?

नोरोव्हायरस: उलट्या-जुलाबांच्या साथी पसरविणारा हा विषाणू १९६८ साली अमेरिकेतील नॉरवॉक गावातील साथीमुळे प्रकाशात आला. परंतु मानवाला बाधणारा नोरोव्हायरस प्रयोगशाळेत वाढविण्याचे प्रयत्न अनेक दशके निष्फळ ठरले. २०१६ साली ह्यूस्टन येथे मेरी एस्टेस यांच्या गटाने मानवी आतड्याच्या ऑर्गनॉइडवर तो वाढवून दाखविला. त्याच्या काही प्रकारांना वाढीसाठी पित्तरस लागतो, हेही तेव्हाच उमगले. साध्या पेशींच्या पात्रात पित्तरस घालण्याचे सहसा कोणाच्या मनात येत नाही. आतड्यात मात्र तो नित्याचाच असतो.

रोटाव्हायरस: बालकांच्या तसेच वासरांच्या हगवणीचे हे एक प्रमुख कारण. १९७३ साली मेलबर्न येथे रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनी आजारी बालकांच्या आतड्याच्या नमुन्यात तो पाहिला. मानवी ऑर्गनॉइडवर मानवी रोटाव्हायरस चांगला वाढतो, प्राण्यांचा तितकासा वाढत नाही, असे ह्यूस्टनच्याच गटाने २०१६ साली दाखविले. ही गोष्ट आपल्या जवळची आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची 'रोटासिल' ही लस गाईच्या रोटाव्हायरसच्या पायावर मानवी विषाणूचे काही अंश बसवून तयार केलेली आहे. वासराचा विषाणू बाळाच्या आतड्यात जोर धरू शकत नाही. तो ओळख करून देतो, पण आजार देत नाही. याच तत्त्वावर ही लस उभी आहे. असा भेद का पडतो, हे पेशींच्या पातळीवर पाहण्याचे साधन ऑर्गनॉइडने दिले.

डुकरांचा कोरोना: पीईडी नावाचा कोरोनाविषाणू डुकरांच्या नवजात पिलांना हगवणीने मारतो. २०१३ साली तो अमेरिकेत शिरला आणि लक्षावधी पिले दगावली. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात डुकराच्या ऑर्गनॉइडवर असे दिसले की, हा विषाणू मोठ्या आतड्यापेक्षा लहान आतड्याच्या अखेरच्या भागातील पेशींना अधिक सहजपणे बाधतो आणि तो केवळ शोषक पेशींनाच नव्हे, तर मूलपेशींनाही गाठतो. अस्तर नवे करणाऱ्या पेशीच बाधित झाल्या, तर पिलू लवकर का सावरत नाही, याचा अंदाज यावरून येतो.

वटवाघूळ आणि कोविड: २०२० साली हाँगकाँगच्या संशोधकांनी एका जातीच्या वटवाघळाच्या आतड्याचे ऑर्गनॉइड तयार केले आणि कोविडचा विषाणू त्यांत वाढतो, हे दाखविले. त्याच वर्षी उट्रेक्टच्या गटाने मानवी आतड्याच्या ऑर्गनॉइडमध्येही तो वाढत असल्याचे सिद्ध केले. वटवाघळांचा प्रश्न आपल्यापासून दूरचा नाही. महाबळेश्वरच्या गुहेतून २०२० साली घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या खुणा आढळल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने २०२१ साली जाहीर केले. अशा वन्य प्राण्यांच्या कळपांना धक्का न लावता त्यांच्यातील विषाणूंचा स्वभाव समजून घ्यावयाचा असेल, तर ऑर्गनॉइड हा एक उपयुक्त मार्ग ठरतो.

मर्यादा

नव्या गोष्टीचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकणे योग्य नव्हे.

पहिली मर्यादा अशी की, ऑर्गनॉइडमध्ये संपूर्ण रोगप्रतिकारयंत्रणा नसते. पीपीआरचेच उदाहरण घ्या. हा विषाणू प्रथम शेळीच्या प्रतिकारक पेशींत शिरतो, त्यांच्यासोबत शरीरभर पसरतो आणि त्यानंतर आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतो. नुसत्या अस्तरावर अभ्यास केल्यास या कथेचा उत्तरार्धच दिसेल. लस दिल्यावर शेळी खरोखर वाचते की नाही, याचे अंतिम उत्तर आजही शेळीकडूनच मिळते.

दुसरी मर्यादा खर्चाची. वाढघटक महाग असतात आणि प्रत्येक प्राण्याच्या जातीसाठी पोषणद्रवाची कृती नव्याने बसवावी लागते.

तिसरी मर्यादा आम्हास विशेष नोंदवावीशी वाटते. ज्या जेलीत हे ऑर्गनॉइड बहुधा वाढवितात, ती मॅट्रिजेल नावाची जेली उंदरांच्या एका प्रकारच्या गाठीपासून मिळविली जाते. 'प्राणीमुक्त प्रयोग' असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा हे विसरून चालत नाही. कृत्रिम जेली तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तूर्त मात्र प्राण्यांचा वापर कमी झाला आहे, संपलेला नाही, असे म्हणणेच प्रामाणिकपणाचे ठरेल.

नैतिक बाजू

प्राण्यांवरील प्रयोगांविषयी ख्रिस्तसभेची भूमिका कॅथलिक धर्मशिक्षणग्रंथात स्पष्ट आहे. मानवी जीव वाचविण्यास वा त्यांची शुश्रूषा करण्यास साहाय्यभूत होणारे प्रयोग वाजवी मर्यादेत राहून करणे ग्राह्य आहे. पण प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवाच्या प्रतिष्ठेला शोभत नाही. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ सालच्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात याच शिकवणीचे स्मरण करून दिले. यातील 'वाजवी मर्यादा' हे शब्द महत्त्वाचे होत. जे काम पूर्वी जनावर मारूनच करता येत असे, ते आता त्याशिवाय साधत असेल, तर मर्यादेची रेषाही पुढे सरकते. काल जे अटळ होते, ते आज अनावश्यक ठरू शकते.

मानवी ऑर्गनॉइडच्या बाबतीत आणखी एक विवेक आवश्यक आहे. सर्व ऑर्गनॉइड एकाच मार्गाने तयार होत नाहीत. उट्रेक्टच्या पद्धतीत प्रौढ व्यक्तीच्या संमतीने घेतलेल्या आतड्याच्या तुकड्यातील मूलपेशी वापरल्या जातात. दुसऱ्या पद्धतीत कोणत्याही अवयवात रूपांतरित होऊ शकणाऱ्या पेशींपासून सुरुवात होते. अशा पेशी कधी प्रौढांच्या त्वचेसारख्या पेशींना मागे वळवून मिळवितात, तर कधी मानवी भ्रूणापासून. २००८ साली श्रद्धासिद्धान्त मंडळाने प्रसिद्ध केलेल्या 'दिग्नितास पर्सोने' या सूचनापत्रानुसार प्रौढांकडून, त्यांची गंभीर हानी न करता, मूलपेशी घेणे ग्राह्य आहे. जिवंत भ्रूणाचा नाश करून त्या घेणे अग्राह्य आहे. म्हणून 'ऑर्गनॉइड चांगले की वाईट' असा सरसकट प्रश्न न विचारता 'त्याच्या पेशी कोठून आल्या' असे विचारावे. गाय, शेळी वा डुक्कर यांच्या ऑर्गनॉइडबाबत भ्रूणाचा हा प्रश्न उपस्थित होत नाही.

कायदा काय सांगतो?

प्राण्यांवरील प्रयोग शक्य तेथे टाळावेत, असे भारताच्या १९६० सालच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक कायद्यातच नमूद आहे. १९५९ साली रसेल व बर्च या इंग्रज शास्त्रज्ञांनी पर्याय शोधणे, संख्या कमी करणे आणि यातना घटविणे, ही त्रिसूत्री मांडली होती. जगभरचे नियम आज तिला अनुसरतात. डिसेंबर २०२२ मध्ये अमेरिकेने नव्या औषधासाठी प्राण्यांवरील चाचणीची सक्ती कायद्याने काढली. मार्च २०२३ मध्ये भारतानेही नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशीसंवर्धन, ऑर्गनॉइड व तत्सम पद्धतींना प्राणिचाचणीचा पर्याय म्हणून स्थान दिले. ही परवानगी आहे, बंदी नव्हे. पुढची वाट संशोधकांनी चालावयाची आहे.

आपल्या गोठ्यापुरते

प्रयोगशाळेतील हे आतडे उद्या देऊळगाव राजाच्या गोठ्यात येणार नाही. तेथे उपयोगी पडणाऱ्या गोष्टी जुन्याच आहेत, आणि त्या आतड्याच्या विज्ञानाशी जुळणाऱ्या आहेत. नवजात वासराचे वा करडाचे आतडे पहिल्या दिवशीच काय ते चिकातील संरक्षक द्रव्य जसेच्या तसे रक्तात घेऊ शकते. नंतर ते दार बंद होते. म्हणून जन्मानंतर तासाभरात चीक पाजावा. तो विकण्याचा वा खरवसासाठी राखण्याचा मोह पिलाचे पोट भरेपर्यंत आवरावा. तीन महिन्यांवरील करडांना पशुवैद्यकांच्या सल्ल्याने पीपीआरची लस टोचून घ्यावी. बाजारातून आणलेली शेळी काही दिवस वेगळी बांधावी. हगवण लागलेल्या जनावराची जागा स्वच्छ करावी. घरातील बाळाला सहाव्या, दहाव्या व चौदाव्या आठवड्यात सरकारी लसीकरणातील रोटाव्हायरसचा डोस चुकवू नये.

त्या भगिनीच्या प्रश्नाला आता आम्ही असे उत्तर देऊ: होय ताई, पूर्वी पुष्कळ शेळ्या माराव्या लागल्या, आणि आपल्या गाई वाचल्या त्या त्यांच्याच जिवावर. आजही काही प्रयोगांत जनावर लागतेच. पण ज्या प्रश्नाचे उत्तर आतड्याच्या एका कणातून मिळते, त्यासाठी आता पूर्ण शेळी मारावी लागत नाही. आणि असे प्रश्न दरवर्षी वाढत आहेत.